बेळगावात राहून मॅन्युअल टेस्टिंग (सॉफ्टवेअर स्वतः वापरून चुका शोधणं) शिकू का, की ते काम आता संपलं?

शिक, पण तेवढ्यावर थांबू नकोस. एक्सेलमधल्या टेस्ट केस, म्हणजे तपासणीच्या पायऱ्या, बघत तीच बटणं पुन्हा पुन्हा दाबायचं काम वेबसाइट आपोआप तपासणाऱ्या सेलेनियम या टूलने २००४ पासूनच खायला घेतलं, आता तर एआय अशा तपासणीची स्क्रिप्टही लिहून देतो. काय तपासायचं, हे मात्र माणसालाच सुचावं लागतं. माझ्याच कामातलं सांगते. एका अ‍ॅपमध्ये 'बेळगावी' शोधलं की सगळी दुकानं दिसायची, 'बेळगाव' टाकलं की एकही नाही. सरकारी नाव २०१४ मध्ये बदललं, आपल्या तोंडातलं कुठे बदललं? स्क्रिप्ट बिनबोभाट पास होत होती! खानापूर-निपाणीकडच्या पोरांना मराठी-कन्नड दोन्ही येतं, असल्या चुका त्यांना चटकन दिसतात. आधी एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि एपीआय टेस्टिंग (दोन प्रोग्रॅममधली देवाणघेवाण तपासणं) पक्कं कर, मग पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा घे.