नवं सहस्रक, दुपारी साडेतीन वाजता

प्रश्न : 31 डिसेंबर 1999ला जगभरातल्या वाहिन्यांनी मिळून एकच कार्यक्रम दाखवला होता. आपल्याकडे दुपारच्या चहाची वेळ आणि टीव्हीवर नव्या वर्षाचा नाच चालू! ते खरंच थेट होतं का? नातू म्हणतो, थेट असेल तर उलटी मोजणी सगळ्यांच्या पडद्यावर एकाच क्षणी शून्यावर यायला हवी. – एक वाचक, सांगली

उत्तर : थेटच होतं. पण नातवाचं म्हणणं तेवढं खरं नाही. माझी सगळी नोकरी टीव्हीच्या कंट्रोल रूममध्ये गेली, म्हणून सांगतो.

कार्यक्रमाचं नाव ‘2000 टुडे’. बीबीसी आणि बॉस्टनचं डब्ल्यूजीबीएच केंद्र यांचा पुढाकार, सोबत साठेक देशांतल्या वाहिन्या. ज्या देशात मध्यरात्र होईल, तिथली वाहिनी आपलं चित्र लंडनला पाठवायची, तिथून ते सगळ्यांना मिळायचं. निवेदन नाही, पट्ट्या नाहीत, फक्त चित्र आणि तिथला आवाज. आमच्यात याला क्लीन फीड म्हणतात. त्यावर प्रत्येकाने आपापला निवेदक बसवायचा. अमेरिकेत एबीसीवर पीटर जेनिंग्ज जवळजवळ पूर्ण दिवस खुर्चीत होते. बीबीसीचं प्रसारण तर 28 तासांचं!

तुम्ही दुपारी पाहिलात तो नाच किरिबाटीचा. प्रशांत महासागरातला हा देश पूर्वी तारखेच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला होता. राजधानीत सोमवार उजाडला तरी पूर्वेकडच्या बेटांवर रविवारच, मग सरकारी कामं चालणार कशी? 1995मध्ये त्यांनी पूर्वेकडच्या बेटांचं घड्याळ एक दिवस पुढे सरकवलं. सोय झाली आणि पहिल्या सूर्योदयाचा मानही पदरात पडला. कॅरोलाइन नावाच्या निर्मनुष्य बेटाचं नाव मिलेनियम आयलंड ठेवलं आणि नाचणाऱ्यांना बोटीने तिथे नेलं. हौसेला मोल नाही! तिथली मध्यरात्र म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. शेवटी सामोआ, आपल्याकडे 1 जानेवारीला दुपारी साडेचारला. चोवीस तासांच्या पृथ्वीवर नवं वर्ष यायला पंचवीस तास लागले ते या घड्याळबदलामुळे.

आता उलट्या मोजणीचं. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंच. सिग्नल वर जाऊन खाली यायला साधारण पाव सेकंद. न्यूझीलंडहून लंडन आणि लंडनहून दुसरा देश अशा दोन उड्या झाल्या की अर्धा सेकंद गेलाच. त्यात अमेरिकेचं आणि जपानचं चित्र सेकंदाला तीस फ्रेमचं, युरोपचं आणि आपलं पंचवीसचं. ते बदलणारं यंत्र आणखी थोडा वेळ खातं. म्हणजे टीव्हीसमोर ‘तीन, दोन, एक’ म्हणणारे सगळेच उशिरा होते, आणि सारखेच उशिरा नव्हते. पॅरिसला तर आयफेल टॉवरवरचं मोजणीचं घड्याळच काही तास आधी बंद पडलं. आतषबाजी मात्र डोळ्यांचं पारणं फेडणारी झाली.

आमच्या कंट्रोल रूममध्ये मात्र नाचाकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. त्याच दिवशी कंदाहारला विमानातले ओलीस सुटत होते आणि रात्री ते दिल्लीला उतरेपर्यंत आमचे डोळे त्याच मॉनिटरवर होते. दुसरी धास्ती वायटूकेची, म्हणजे वर्षाचे दोनच आकडे ठेवणारे संगणक ‘00’ला 1900 समजून कोलमडतील याची. न्यूझीलंडची मध्यरात्र आपल्या दुपारी साडेचारला. तिथले दिवे चालू आहेत हे पडद्यावर दिसलं तेव्हा आमच्या संगणक विभागातल्या मुलाने वर्षाची पहिली मिठाई तिथेच मागवली. आपल्याकडे वर्ष बदलायला अजून साडेसात तास होते!

प्रश्न : नवं सहस्रक खरं तर 2001मध्ये सुरू झालं ना? मग तेव्हा एवढा गाजावाजा का नाही? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : हिशेबाने तुमचंच बरोबर. इसवी सनात शून्य हे वर्ष नाही, त्यामुळे 1 जानेवारी 2001. पण स्कूटरच्या मीटरवर 999चे 1000 होताना आपण मागे बसलेल्याला हाक मारून दाखवतो, 1001 होताना नाही. वाहिन्यांनाही ते पक्कं ठाऊक होतं. लंडनचा मिलेनियम डोमसुद्धा 2000च्या स्वागतालाच उघडला होता, आणि 2001मध्ये साठ देशांना पुन्हा गोळा करायला ना कुणाकडे पैसा होता ना उत्साह.