पावसाळ्यात लॅमिनेशनला फुगे का येतात?

प्रश्न : मालवणात आमचं झेरॉक्स-प्रिंटिंगचं दुकान आहे. रोल लॅमिनेटरवर खानावळींची मेन्यूकार्डं करतो. मेपर्यंत काम चकचकीत येतं. जून लागला की फुगे येतात आणि काळ्या भागावर चंदेरी झाक दिसते. तापमान १२० वरून १४० केलं, तर फुगे वाढलेच. मशीन बिघडलं का?

उत्तर : मशीन बहुधा ठीक आहे, कागद सर्दावला आहे. तुम्ही सांगता ते दोष दोन, आणि त्यांची कारणंही वेगळी.

गरम रोलरखाली कागदातल्या ओलाव्याची वाफ होते. वरची फिल्म तिला वाट देत नाही, म्हणून फुगा येतो. तापमान वाढवलं की वाफही वाढते. चंदेरी झाक मात्र फिल्मचा डिंक पुरता न वितळल्यामुळे येते. टोनरचा (लेझर प्रिंटरच्या पावडर-शाईचा) थर जिथे जाड असतो, तिथे कडेने हवेचे बारीक कण अडकतात. जाड कागद रोलरची उष्णता ओढून घेतो, त्यामुळे ३०० जीएसएमवर (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणाऱ्या कागदावर) हे जास्त दिसतं. त्यासाठी आधी वेग निम्मा करा. तेवढ्याने भागलं नाही, तरच तापमान ५-५ अंशांनी वाढवा.

पण पहिलं काम कागद सुकवण्याचं. ए४ आकाराचे ३०० जीएसएमचे १० कागद साधारण १८७ ग्रॅम भरतात. ग्रॅमच्या काट्यावर वजन घ्या, एसी ड्राय मोडवर लावून बंद खोलीत कागद सुटे पसरून ठेवा आणि दोन तासांनी पुन्हा वजन करा. ४-५ ग्रॅम घटले, तर तेवढं पाणी तुम्ही रोलरखाली घालत होतात! रिम गरजेपुरतीच फोडा, उरलेले कागद प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा. इंकजेट प्रिंट असेल, तर एक पूर्ण दिवस वाळू द्या.

मेन्यूकार्ड कापताना चारी बाजूंनी ३ ते ५ मिमी नुसती फिल्म सोडा. अगदी कडेला कापलं, तर ओल्या फडक्याचं पाणी कागदात शिरतं आणि महिन्याभरात कडा सुटतात. ही चूक आपल्याकडे फार होते.

प्रश्न : एकाच बाजूला फिल्म लावलेली आंब्याच्या पेटीची लेबलं गुंडाळली जातात. — देवगड

उत्तर : उघडी बाजू हवेतला ओलावा पिऊन पसरते, फिल्म पसरत नाही, म्हणून लेबल फिल्मच्या बाजूला वळतं. रोलच्या दांड्यावरचा ब्रेक फार आवळलेला असला, तरी असंच होतं, कारण ताणलेली फिल्म गार झाल्यावर आखडते. सुरकुत्या येणार नाहीत इतपतच तो आवळा. छापलेली लेबलं लगेच लावायची नसतील, तर गठ्ठा वजनाखाली, प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा.

प्रश्न : मॅट फिल्मची डिंकाची बाजू कशी ओळखावी? — गुहागर

उत्तर : ग्लॉसी फिल्मची मंद दिसणारी बाजू डिंकाची असते. मॅटमध्ये नजर फसते. तिचा तुकडा दोन कागदांमध्ये ठेवून इस्त्री फिरवा. ज्या कागदाला तो चिकटेल, त्या बाजूला डिंक. ती बाजू रोलरला लागता कामा नये. लागलीच, तर रोलर कोमट असताना मऊ सुती कापडाने डिंक पुसा. ब्लेड चालवू नका. रोलरच्या सिलिकॉनच्या आवरणावर पडलेला चरा पुढच्या प्रत्येक कागदावर उमटतो आणि रोलरच बदलावा लागतो.