लग्नासाठी फोटोग्राफर, डेकोरेटर वगैरे ठरवण्याआधी ते विश्वासू आहेत का, हे कसं तपासायचं?

तुम्ही लिहिलंय की फोटोग्राफर इन्स्टाग्रामवर सापडला, काम सुंदर दिसतंय, फॉलोअर्स भरपूर आहेत, आणि आज रात्रीपर्यंत अर्धी रक्कम पाठवली तर मोठी सूट देतो म्हणतोय. तुमच्या बहिणीने टोकन म्हणून थोडे पैसे आधीच पाठवलेत. समारंभांचं नियोजन हा माझा व्यवसाय आहे आणि व्हेंडर पारखणं हे त्यातलं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी ती आज रात्रीची मुदत. ती पाळू नका. लग्नाच्या धंद्यात तारीख ही खरोखरच मर्यादित गोष्ट असते, त्यामुळे "तारीख जाईल" असं कोणी म्हटलं तर ते खोटं असेलच असं नाही. पण चांगला व्हेंडर करार वाचायला दोन दिवस देतो. त्याला एवढंच कळवा: "करार पाठवा, वाचून परवापर्यंत सांगते." करार आला तर पुढे बोलता येईल. कराराऐवजी सूट आणखी वाढली, तर तिथेच थांबा.

आता मूळ प्रश्न. विश्वासू आहे का, असं विचारताना आपल्या डोळ्यांसमोर पैसे घेऊन गायब होणारा माणूस असतो. तो धोका खरा आहे, पण माझ्या पाहण्यात त्याहून जास्त घरांचा घात वेगळ्याच माणसाने केलाय: जो प्रामाणिक आहे, काम उत्तम करतो, पण त्याने एकाच तारखेला झेपणार नाहीत इतकी कामं घेतलेली असतात. मग लग्नाच्या दिवशी त्याच्याऐवजी कोणीतरी नवशिका येतो. लबाडाला ओळखायच्या तपासण्या याला लागू पडत नाहीत. याचे रिव्ह्यू खरे असतात, नोंदणी खरी असते, फोटोही त्याचेच असतात. म्हणून तपासणी दोन प्रकारची करावी लागते: हा माणूस खराच आहे का, आणि त्या दिवशी हाच येणार आहे का.

पहिली तपासणी घरबसल्या होते. त्याच्या इन्स्टाग्राम प्रोफाइलवरच्या तीन टिंबांवर टॅप करून खात्याची माहिती उघडा. बहुतेक खात्यांवर ते कधी सुरू झालं आणि नाव किती वेळा बदललं हे दिसतं. फेसबुक पेजवरही पेज केव्हा तयार झालं आणि आधी कोणतं नाव होतं हे पारदर्शकतेच्या विभागात असतं. स्वतःची वेबसाइट असेल तर आयकॅनच्या (वेबसाइटच्या नावांची व्यवस्था पाहणारी संस्था) लुकअप पानावर तिचं नाव टाकून नोंदणीची तारीख बघा. "दहा वर्षांचा अनुभव" सांगणाऱ्याची साइट गेल्या महिन्यातली असेल तर त्याला तसं सरळ विचारा. कारण साधं असू शकतं, नवी साइट केली असेल. पण मग जुनं नाव काय होतं, हे सांगायला त्याला अडचण नसावी. जुनी साइट कशी होती ते इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर बऱ्याचदा सापडतं.

मग फोटो. पाच-सहा फोटोंचे स्क्रीनशॉट घ्या, कोपऱ्यातला लोगो कापून टाका आणि गूगल लेन्स किंवा टिनआय या फोटोवरून शोध घेणाऱ्या साधनांवर शोधा. चोरलेले फोटो शोधात सापडू नयेत म्हणून काही जण ते आरशातल्यासारखे उलटे करून टाकतात. अशा फोटोत मागच्या पाटीवरची अक्षरं उलटी दिसतात, पुरुषांच्या शर्टाची बटणं चुकीच्या बाजूला येतात. संशय आला तर फोटो पुन्हा उलटवून शोधा.

फोटो त्याचेच निघाले तरी ते खऱ्या लग्नातले आहेत का, हा प्रश्न राहतो. या व्यवसायात स्टाइल्ड शूट नावाचा प्रकार आहे. मॉडेल, निवडलेला प्रकाश आणि पूर्ण दिवस हाताशी ठेवून नमुन्यासाठी काढलेले फोटो. यात फसवणूक काही नाही, सगळेच करतात. पण त्यावरून लग्नाच्या गर्दीत हा माणूस काय करेल ते कळत नाही. म्हणून निवडक फोटोंवर समाधान मानू नका. एका जोडप्याला दिलेला संपूर्ण अल्बम, त्यांच्या परवानगीने, पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत दाखवा म्हणा. तो आला की सुंदर फोटो बाजूला ठेवा आणि कठीण फोटो शोधा. अंधाऱ्या हॉलमधले चेहरे स्पष्ट आहेत का? तीस जणांच्या गटात कडेच्या माणसाचे डोळे उघडे आहेत का? संध्याकाळ उलटून गेल्यावर, सगळे दमलेले असताना काढलेल्या फोटोंचा दर्जा सकाळइतकाच आहे का? आजी-आजोबा किती फोटोंत आहेत? चार तासांत हजार फोटो आणि नवऱ्या मुलाच्या आईचा एकही नीट नाही, असा अल्बम मी पाहिलेला आहे. निवडक वीस फोटोंत हे कधीच कळलं नसतं.

रिव्ह्यू वाचताना एकूण गुणांकडे फार बघू नका. सर्वांत नवे आधी लावा. मधले, म्हणजे तीन ताऱ्यांचे, नीट वाचा, कारण खोटी स्तुती आणि सूडाची टीका दोन्ही टोकांना असतात. एका आठवड्यात धडाधड आलेले आणि नंतर महिनोन्महिने शांतता, ही खूण चांगली नाही. खऱ्या गिऱ्हाइकाच्या लिहिण्यात एखादा बारीकसा प्रसंग असतो: वीज गेली तेव्हा काय केलं, पाऊस आल्यावर मांडणी कशी हलवली. वाईट रिव्ह्यूला व्हेंडरने काय उत्तर दिलंय, हे तर मी सर्वांत आधी वाचते. तुमचं त्याच्याशी वाजलं तर तो तुमच्याशी असाच बोलेल. कौतुकाच्या चॅटचे स्क्रीनशॉट मात्र पुरावा म्हणून धरू नका, ते कोणीही बनवू शकतं.

यापेक्षा मोलाचं म्हणजे जुन्या गिऱ्हाइकाशी पाच मिनिटं फोनवर बोलणं. नावं व्हेंडरच देणार, त्यामुळे खूश असलेलेच मिळतील, हे गृहीत धरा. म्हणून "कसं होतं काम?" असं विचारू नका. त्याला उत्तर "छान" एवढंच येतं. मी साधारण असं विचारते: ठरलेल्या वेळेच्या किती आधी आले? करारात नाव होतं तोच माणूस आला का? शेवटी बिल ठरल्यापेक्षा वाढलं का, आणि कशामुळे? फोटो कबूल केलेल्या तारखेला मिळाले का? आणि शेवटी, "पुन्हा ठरवायचं झालं तर या वेळी कोणती गोष्ट आधी लिहून घ्याल?" या प्रश्नावर खूश गिऱ्हाईकसुद्धा क्षणभर थांबतं आणि खरं काहीतरी सांगतं. शक्य असेल तर गेल्या दोन-तीन महिन्यांतलं गिऱ्हाईक मागा. तीन वर्षांपूर्वीचं कौतुक आजच्या टीमबद्दल काही सांगत नाही.

दुसरा चांगला स्रोत म्हणजे ज्या हॉलमध्ये लग्न आहे तिथला व्यवस्थापक. सामान वेळेत उतरवणारे कोण, जागा घाण ठेवून जाणारे कोण, आयत्या वेळी भांडणारे कोण, हे त्याला तोंडपाठ असतं. हॉलने स्वतःहून दिलेल्या व्हेंडरांच्या यादीबद्दल मात्र सावध राहा. काही ठिकाणी त्या यादीत असण्यासाठी व्हेंडर कमिशन देतात. "यांच्याकडून तुम्हाला काही मिळतं का?" असं शांतपणे विचारायला हरकत नाही.

आता दुसरी तपासणी: तोच येणार का. थेट विचारा, आणि लेखी उत्तर घ्या: त्या तारखेला तुमची आणखी किती कामं आहेत? आमच्याकडे प्रत्यक्ष कोण येणार, नावासकट? तुम्ही आजारी पडलात तर कोण येईल, आणि त्या व्यक्तीचं काम बघायला मिळेल का? टीम पाठवणं यात वाईट काही नाही. मोठे स्टुडिओ असंच चालतात आणि चांगलं चालतात. फक्त ज्याचं काम पाहून तुम्ही पैसे देताय तोच येणार की नाही, हे पैसे देण्याआधी कळायला हवं.

करारात हेच कलम सर्वांत जास्त वेळा निसटतं. नमुन्याच्या करारात बहुतेकदा असं वाक्य असतं: "अपरिहार्य कारणास्तव कंपनी तितक्याच अनुभवाचा दुसरा छायाचित्रकार पाठवू शकेल." वाचायला निरुपद्रवी आहे. पण कारण अपरिहार्य आहे हे ठरवणार कोण? अनुभव तितकाच आहे हे कोण ठरवणार? दोन्ही व्हेंडरच. मी ते असं बदलून घेते: मुख्य छायाचित्रकाराचं नाव करारात, बदल फक्त आजारपण किंवा अपघात असेल तरच, बदली व्यक्तीचं काम दाखवून आमची लेखी संमती घ्यायची, आणि संमती नसेल तर दिलेली सगळी रक्कम परत. आजवर ज्या चांगल्या व्हेंडरांना हे सुचवलं, त्यांनी दोन-चार शब्दांची घासाघीस करून मान्य केलंय.

तसंच, तुम्ही रद्द केलं तर किती पैसे जातील हे करारात बारकाईने लिहिलेलं असतं. व्हेंडरने रद्द केलं तर काय, यावर पुष्कळदा एक ओळही नसते. ती घालून घ्या. तारीख पुढे ढकलावी लागली तर काय, हेही. २०२० मध्ये करोनामुळे जगभर लग्नं पुढे गेली तेव्हा हे कलम नसलेल्या अनेकांना भरलेली रक्कम परत मिळवताना फार त्रास झाला. बाकी तारीख, वेळ, पत्ता, काय काय मिळणार, केव्हा मिळणार, जादा तासाचा दर हे तर हवंच.

फोटोग्राफरला आणखी एक विचारा: कॅमेरा एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो साठवतो का, आणि घरी गेल्यावर प्रती कुठे ठेवता? ३-२-१ नावाचा एक नियम आहे, पीटर क्रोग या छायाचित्रकाराने तो लोकप्रिय केला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. ज्याची ही सवय आहे तो न अडखळता सांगतो. केटररसाठी चव बघणं आणि अन्नाचा परवाना, डेकोरेटरसाठी विमा आणि आधी केलेल्या मांडणीचे मोबाइलवरचे साधे फोटो, मेकअपसाठी आधी एक चाचणी. यात फार खोलात जायला नको.

पैशांबद्दल मात्र अजिबात ढिलाई नको. करारावरचं नाव आणि पैसे जाणाऱ्या खात्याचं नाव एकच हवं. "कंपनीचं खातं सध्या बंद आहे, भावाच्या खात्यात टाका" हे कोणत्याही कारणासाठी मान्य करू नका. शक्य असेल तिथे क्रेडिट कार्डाने द्या, कारण सेवा मिळाली नाही तर बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागण्याची सोय त्यात असते. रोख आणि थेट ट्रान्सफरमध्ये ती फारशी नसते. पेपालवर मित्र-कुटुंबीयांसाठीच्या पर्यायातून पाठवा म्हणाला तर नको म्हणा, त्या पर्यायाला खरेदीचं संरक्षण नाही. हप्ते पाडा: थोडी रक्कम करारावर, मोठा भाग लग्नाच्या जवळ, आणि काही रक्कम काम हातात आल्यावर. आणि मध्येच कधी "आमचा खाते क्रमांक बदलला" असा ईमेल आला तर त्याला उत्तर न देता आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा. व्हेंडर सज्जन असतो, पण त्याचा मेल दुसऱ्याच कोणाच्या हाती गेलेला असतो.

नाव मोठं आहे म्हणून हप्ते नकोत, असंही समजू नका. आल्फ्रेड अँजेलो ही लग्नाच्या पोशाखांची जुनी अमेरिकी साखळी जुलै २०१७ मध्ये एकाएकी बंद पडली, दिवाळखोरीत गेली, आणि पैसे भरलेल्या कितीतरी मुली पोशाखाची वाट बघत राहिल्या. तिथे गिऱ्हाइकांनी नीट चौकशी केली असती तरी बहुधा काही सापडलं नसतं. अशा वेळी फक्त एवढंच कामाला येतं की सगळी रक्कम आधी दिलेली नसावी.

तुमच्या बहिणीने पाठवलेल्या टोकनचं आता काय करायचं? आजच तिला चॅट, खात्याचं नाव आणि व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवायला सांगा. चॅट एक्स्पोर्ट करून दुसरीकडेही ठेवा, कारण समोरचा मेसेज पुसू शकतो. मग त्याला लेखी विचारा: ही रक्कम कोणत्या तारखेसाठी, कोणत्या कामासाठी मिळाली, एकूण रकमेतून वजा होणार का, आणि करार पटला नाही तर परत मिळणार का? पावती मागा. उत्तर नीट आलं तर वरच्या तपासण्या करून पुढे जा, तो माणूस चांगला असण्याची पूर्ण शक्यता आहे. त्याने ब्लॉक केलं, किंवा खात्यावरचं नाव भलत्याचंच निघालं, तर थांबू नका. बँकेला लगेच, शक्यतो त्याच दिवशी कळवा आणि पोलिसांच्या सायबर विभागात तक्रार द्या. रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नका, याच खात्यात आणखी कोणीतरी पैसे भरत असेल.