‘न्यूगटरी’: स्वस्त नव्हे, फोल

प्रश्न: आमच्या घराच्या वादात वकिलांनी स्थगितीचा अर्ज केलाय. त्यात लिहिलंय, स्थगिती मिळाली नाही तर अपील ‘न्यूगटरी’ होईल. शब्दकोशात अर्थ सापडला ‘क्षुल्लक, कवडीमोलाचं’. आमचेच वकील असं का म्हणतायत?

वकिलांवर रागावू नका, ते तुमचीच बाजू लावून धरतायत. अपील सुनावणीला येण्याआधीच घर पाडलं, तर पुढे निकाल तुमच्या बाजूने लागून हाती काय येणार? विटांचा ढीग. अपील कागदावर जिवंत, उपयोग शून्य. कोर्टात न्यूगटरी म्हणतात ते याला. शब्दकोशातला ‘क्षुल्लक’ हा अर्थ खोटा नाही, पण तो इथला नव्हे. कोर्टाची कागदपत्रं मराठीत आणताना मी ‘फोल ठरेल’ असं लिहिते. फोल म्हणजे दाणा नसलेलं टरफल. वरून शाबूत, आत काही नाही. ‘निरर्थक’ लिहिलं तर अपिलात मुळातच दम नव्हता, असा वास येतो. कलमांचा अर्थ लावतानाही हाच शब्द भेटतो: एखादं कलम न्यूगटरी ठरेल असा अर्थ शक्यतो लावू नये, असं न्यायालयं मानतात.

प्रश्न: या शब्दाचं ‘नूगा’ मिठाईशी काही नातं आहे का?

नाही. नूगाच्या मुळाशी लॅटिन ‘नुक्स’ आहे, म्हणजे अक्रोडासारखं कवचाचं फळ. न्यूगटरी आला ‘नुगाए’वरून: फुटकळ गोष्टी, थट्टामस्करी. इंग्रजीत तो 17व्या शतकाच्या सुरुवातीपासून दिसतो. नुगाएचा सगळ्यात गोड वापर रोमन कवी कातुल्लुसचा, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला. आपलं छोटं पुस्तक कॉर्नेलियस नेपोसला अर्पण करताना तो म्हणतो, माझ्या या नुगाएंत काहीतरी आहे असं तुला वाटायचं. आपण नाही का, चांगला घसघशीत आहेर हातात ठेवून ‘फूल ना फुलाची पाकळी’ म्हणत! विनयाचा शब्द पुढे वकिलांच्या हाती लागला, एवढंच.

प्रश्न: मग ‘इन्फ्रक्चुअस’ वेगळा कसा?

तो आपला ‘निष्फळ’च, त्यातलं ‘फ्रुक्टुस’ म्हणजे फळ. आपल्या कोर्टांत फरक बहुधा वेळेचा असतो. परीक्षा पुढे ढकला म्हणून याचिका केली आणि सुनावणीआधी परीक्षा होऊनही गेली, तर याचिका इन्फ्रक्चुअस म्हणून निकाली निघते. न्यूगटरीत बहुतेकदा पुढची भीती असते. खर्चाच्या बाबतीत मात्र दोन देशांच्या दोन सवयी: ब्रिटनचे सरकारी लेखापरीक्षक वाया गेलेल्या खर्चाला न्यूगटरी म्हणतात, आपल्या ‘कॅग’च्या अहवालांत इन्फ्रक्चुअस भेटतो.

प्रश्न: उच्चार?

न्यूगटरी, जोर ‘न्यू’वर. अमेरिकेत नूगटोरी.

प्रश्न: ‘कवडीमोल’ला जोडीचा इंग्रजी शब्द आहे का, नाण्यावरून आलेला?

आहे, आणि तो माझा लाडका: ‘पिकायून’. लुइझियानात अर्ध्या स्पॅनिश रियालच्या नाण्याला पिकायून म्हणत. किंमत जेमतेम सहा सेंट. त्यावरून पिकायून म्हणजे क्षुद्र, चिल्लर. न्यू ऑर्लिन्समध्ये 1837 साली याच नावाचं वर्तमानपत्र निघालं, कारण अंकाची किंमतच एक पिकायून होती. आपल्याकडे ‘दैनिक दमडी’ काढायची कुणाची छाती झाली असती?