माकडापासून माणूस, मग माकडं अजून कशी?

प्रश्न : सर, माणूस माकडापासून झाला म्हणतात, मग माकडं अजून कशी शिल्लक? आणि आपल्या खान्देशात माणूस कधीपासून आहे? (एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर : भाऊ, आपण आजच्या माकडापासून झालोच नाही. आपला आणि चिंपांझीचा पूर्वज एक, साधारण ६०-७० लाख वर्षांपूर्वीचा, तिथून दोन फांद्या फुटल्या म्हणजे ते आपले चुलत भाऊ, आजोबा नाही. आपली, म्हणजे आजच्या माणसाची, प्रजाती आफ्रिकेत सुमारे ३ लाख वर्षांपूर्वी दिसते.

आता खान्देशचं ऐका, कारण हे शाळेत कोणी सांगत नाही. तुमच्याच तालुक्यात पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला तुकडा सापडलाय, अंदाजे २५ हजार वर्षं जुना! म्हणजे तेव्हा इथं शहामृग होते आणि माणसाला पोट भरून वर नटायची हौसही होती, मला तर ही गोष्ट कितीदा सांगितली तरी भारी वाटते. ही माणसं शिकारी, भटकी. एका जागी राहणं खूप नंतरचं, चारेक हजार वर्षांपूर्वी तापी-गिरणाकाठी सावळदा, प्रकाशे, बहाळला शेतकऱ्यांची गावं वसली. काळी कसदार माती, बारमाही पाणी, अजून काय पाहिजे? कवठ्याला तर जमिनीत खड्डा खणून केलेली घरं मिळालीत. पाटण्याजवळच्या पाटणादेवीच्या देवळात जाताच ना, पुढच्या वेळी पोरांना हे नक्की सांगा.