कांदा रडवतो, सुरी हातभार लावते

प्रश्न : आमचं एकत्र कुटुंब आहे, रोज किलोभर तरी कांदा चिरावा लागतो. सासूबाई म्हणतात, आधी फ्रीजमध्ये ठेव. आई म्हणते, डोक्यावर साल ठेव. जाऊबाई तोंडात आगकाडी धरतात. सगळं करून झालं, तरी पाणी यायचं ते येतंच. काय करावं? – एक गृहिणी, निफाड

उत्तर : लासलगाव ज्या तालुक्यात, तिथून कांद्याचा प्रश्न माझ्यासारख्या रसायनाच्या निवृत्त मास्तराकडे यावा, यात माझी चैन आहे!

आगकाडी आणि साल या दोन्हींचा निकाल आधी लावून टाकू. तोंडात काय धरलंय आणि डोक्यावर काय ठेवलंय, हे डोळ्याला कळत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो वायू. अखंड कांदा तासभर नाकाशी धरून बसलात तरी काही होणार नाही, कारण तोवर हा वायू तयारच झालेला नसतो. कांदा जमिनीतलं गंधक घेऊन त्याची संयुगं पेशींत साठवतो. त्याच पेशीत, पण वेगळ्या कप्प्यात, ॲलिनेज नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन असतं. सुरी फिरली, पेशी फुटली की दोघांची गाठ पडते आणि काही सेकंदांत वायू तयार होतो. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात मज्जातंतूंची टोकं दाटीने असतात. त्यांना तो झोंबतो आणि अश्रुग्रंथींना हुकूम सुटतो. जादा पाणी डोळ्याच्या कोपऱ्यातल्या नळीतून नाकात उतरतं, म्हणून कांदा चिरणारा माणूस नाकही ओढत असतो.

ॲलिनेजचं काम झालं की पुढचा वायू आपोआप होतो, असं बरीच वर्षं धरून चालले होते. २००२ मध्ये जपानमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की त्यासाठी कांद्यात आणखी एक स्वतंत्र एन्झाइम असतं. हा शोध लावणाऱ्यांत करी मसाले विकणाऱ्या एका कंपनीचे लोक होते. २०१३ मध्ये त्यांना इग् नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा तो पुरस्कार. मला विचाराल तर कांद्याला तो शोभतो.

आता तुमच्या कामाची गोष्ट. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात सुंगह्वान जुंग यांच्या गटाने वरून पातं पडेल असं एक छोटं यंत्र बनवलं, धारदार आणि बोथट पात्यांनी कांदे कापले आणि अतिवेगवान कॅमेऱ्याने ते टिपलं. कापताना रसाचे बारीक तुषार हवेत उडताना दिसले. बोथट पात्याने जास्त उडाले आणि जोरातही. कारण सोपं आहे. धारदार सुरी पापुद्रा सरळ छेदते. बोथट सुरी आधी तो दाबते, आत रसाचा दाब वाढतो आणि पापुद्रा फाटला की चिळकांडी उडते. पिकलेला टोमॅटो बोथट सुरीने कापून बघा, शर्टावर पुरावा मिळेल. सुरी वेगात चालवली तरीही तुषार वाढतात, त्यामुळे टीव्हीवरच्या आचाऱ्यांसारखं खटाखट चिरण्याची हौस आवरा.

फ्रीजचं जरा अवघड आहे. थंडीत एन्झाइम मंदावतं, तेवढ्यापुरतं सासूबाईंचं बरोबर. पण याच प्रयोगात गार कांद्यातून तुषार उलट जास्त उडाले. सासूबाईंना हे सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

माझ्या मते खरा गुन्हेगार आपल्या घरातली धार आहे. दिवाळीला भांडी घासून लख्ख होतात, विळीला मात्र वर्षानुवर्षं कानस लागत नाही. त्यात विळीवर बसलं की कांदा थेट नाकाखाली. ओट्यापाशी उभं राहून चिरलंत तर चेहरा तेवढाच लांब राहतो. सुरीची धार तपासायला वर्तमानपत्राचं पान उभं धरून कापा. सुरी अडखळली, तर कांद्यावरही अडखळणार. धारवाला दारावरून जात नसेल तर चिनीमातीचा कप पालथा घाला आणि बुडाच्या खरबरीत कडेवर पातं तिरकं धरून दोन्ही बाजूंनी आठ-दहा वेळा ओढा. मी असंच करतो. कांदा सोलून, दोन भाग करून पाण्यात टाकला तर वरवरचा रस धुऊन जातो. पंख्याचा वारा आपल्याकडून कांद्याकडे जाऊ द्या, उलट नको.

प्रश्न : सर, लसूण कांद्याचाच भाऊ ना? मग आई लसूण ठेचते तेव्हा डोळ्यांत पाणी का येत नाही? – दहावीतला विद्यार्थी, सांगली

उत्तर : शाब्बास, हा प्रश्न वरच्यापेक्षा सरस आहे! लसणातही गंधकाची संयुगं आहेत आणि ॲलिनेजही आहे. पण त्यातलं मुख्य संयुग वेगळं आहे, आणि जपान्यांना सापडलेलं ते दुसरं एन्झाइम लसणात नसतं. त्यामुळे ठेचल्यावर तयार होतं ॲलिसिन, लसणाचा तो उग्र वास देणारं. हाताचा वास जात नाही, पण डोळे सुटतात. आता एक काम कर : आईला कांदा आधी परतून मग वाटायला सांग आणि शेजारी उभा राहा. उष्णतेने एन्झाइम निकामी होतं, त्यामुळे वाटताना डोळे कोरडे राहतील.

प्रश्न : उन्हात खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हे खरं का? – एक शेतकरी, परभणी

उत्तर : नाही. अंग गार राहतं ते घाम वाळल्याने, आणि खिशातल्या कांद्याचा घामाशी संबंध नाही. मीठ-साखरेचं पाणी प्या, डोक्याला पंचा बांधा, दुपारी बारा ते चार सावलीत थांबा. चक्कर, मळमळ वाटली आणि अंग तापलं तर लगेच सावलीत जा, अंगावर पाणी मारा आणि दवाखाना गाठा. कांदा भाकरीबरोबर खा.