बाळाच्या मांडीचं हाड मोडलं आणि प्रश्न आम्हालाच?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझं बाळ साडेपाच महिन्यांचं आहे, आत्ता कुठे पालथं पडायला लागलंय. मी कामावर गेले की सासूबाई सांभाळतात. गेल्या आठवड्यात मांडी सुजली म्हणून एका मोठ्या हॉस्पिटलला नेलं तर हाड मोडलंय म्हणाले. सासूबाई म्हणतात झोळीत पाय अडकला. पण तिथे अख्ख्या अंगाचे एक्स-रे काढले, डोळे तपासले, रक्त घेतलं, मला आणि सासूबाईंना वेगवेगळं बसवून तेच तेच विचारलं, एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची नोंद, पण केली. आता दोन आठवड्यांनी परत एक्स-रे. आम्ही काय राक्षस आहोत का? जाऊ का नको?
— एक आई, भांडुप

उत्तर : ताई, जा. राग आला असणारच, मलाही आला असता.

पण त्यांच्या बाजूनं बघा. जे बाळ अजून रांगत नाही त्याचं मांडीचं हाड आपलं आपण सहसा मोडत नाही, म्हणून एवढ्या लहान बाळाला असं फ्रॅक्चर दिसलं की घर कुठलं, आईबाप कसे हे न बघता हीच तपासणी करायची असते. कोणी केलं हे शोधणं पोलिसांचं काम, डॉक्टर बघतात की सांगितलेली गोष्ट आणि झालेली इजा जुळते का. झोळी किती उंच होती, साडीची होती का, पाय कुठल्या बाजूला पिळला, रडं कधी ऐकू आलं, डॉक्टरकडे न्यायला किती वेळ गेला, हे सगळं दोघींना वेगळं विचारतात कारण एकत्र बसलं की एकीचं ऐकून दुसरी तेच बोलते, आणि मग खरं असलं तरी ते पाठ केल्यासारखं वाटतं. आणि हो, मालिशवाली येते का तुमच्याकडे? तुम्ही लिहिलं नाहीये. काही बायका पाय धरून चांगले खेचतात पिळतात, ते पण सांगा, लपवू नका.

अख्ख्या अंगाचा एक्स-रे म्हणजे एकच मोठा फोटो नाही, हात, पाय, बरगड्या, डोकं असे वेगवेगळे वीसेक काढतात. बरगडीचा ताजा बारीक तडा पहिल्या दिवशी पुष्कळदा दिसत नाही, हाड भरायला लागलं की तिथे गाठ दिसते, म्हणून दोन आठवड्यांनी परत. डोळ्यात थेंब टाकून आतल्या पडद्यावर रक्तस्राव आहे का बघतात, बाळाला जोरात गदागदा हलवलं असेल तर तो सापडू शकतो. रक्त घेतलं ते तुमच्या बाजूनं पण असतं बरं का! कॅल्शियम, व्हिटॅमिन डी कमी आहे का, मुडदूस आहे का, आणि जन्मजात ठिसूळ हाडांचा आजार पण असतो, तोही मनात धरतात. अंगावर काळंनिळं असेल तर रक्त गोठतंय ना हे बघतात. आपल्याकडे कित्येक बाळांना कमरेवर, ढुंगणावर जन्मखुणेचे निळसर डाग असतात, नवख्या माणसाला ते माराचे वाटतात, म्हणून फोटो काढून ठेवतात, माराचा डाग काही दिवसांत जातो, हा तसाच राहतो.

वजनाचा तक्ता आणि लसीचं कार्डही मागतील, हेळसांड होतेय का ते त्यातून कळतं. इथे माझं एक मत आहे, दहा बाय दहाच्या खोलीत पैसे नाहीत म्हणून दूध कमी पडणं आणि असून न देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चांगला सोशल वर्कर तो फरक करतो.

एमएलसी म्हणजे गुन्हा दाखल झाला असं नाही, फक्त नोंद. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर मात्र २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं डॉक्टरला कळवावंच लागतं, नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

जाताना जुने कागद, लसीचं कार्ड न्या, सासूबाईंना न्या, आणि ती झोळी घरी जशी बांधता तसा मोबाईलवर फोटो काढून न्या, म्हणजे डॉक्टरांना तोंडी सांगण्यापेक्षा बरं कळेल. आणि बाळ रात्री कुशीवर वळताना रडतंय का, हे आजपासूनच बघून ठेवा.